भांडून झाल्यावर

बाई व्हायची पाळी त्या दिवशी संध्याची होती. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी डबा विसळत होते आणि टाकीच्या पलीकडे पोरी शाळा-शाळा खेळत होत्या. संध्या माझी मुलगी, चौथीत, माझ्याच शाळेत. कुणाचा तरी टॉवेल पदरासारखा खांद्यावर घेऊन ती दगडावर बसली होती, मांडीवर वही, हातात काडी. आदिवासी वाडीवरची बारकी तिच्यासमोर हाताची घडी घालून उभी. "बाई, सकुबाय माज्या ताटात लय वरशी खिचडी टाकते. हाताला पोलते." आणि माझ्या मुलीनं वहीतून मान वर न काढता, डाव्या हातानं तो टॉवेल सारखा करत म्हटलं, "जाऊ दे गो. फुंकर मार नि बस खाली." दुसरी आली. "बाई, हिनं माझी जागा घेतली." "जाऊ दे. तू मागं बस." तिसरी काही सांगायच्या आतच संध्या म्हणाली, "जाऊ दे, जाऊ दे, चला, पाढे म्हणा." मी हातातला डबा तसाच धरून उभी राहिले. पोरींपैकी एकही हसली नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. नक्कल असती तर मी पुढे होऊन दोघींचे कान धरले असते आणि विषय मिटला असता. पण ही नक्कल नव्हतीच. संध्या मन लावून, अगदी जबाबदारीनं बाई झाली होती, आणि बाई म्हणजे जी 'जाऊ दे' म्हणते ती, एवढंच तिला माझ्याकडे बघून कळलं होतं.

मला राग आला. पहिल्यांदा संध्याचा आला, मग बारकीचा, मग त्या टॉवेलचासुद्धा. दुपारभर मी चौथीच्या पोरांवर खेकसत होते. भूगोलाच्या तासाला माळशेज घाट शिकवता शिकवता एकानं तक्रार केली की शेजारच्यानं त्याची पेन्सिल मोडली, आणि माझ्या तोंडून निघालंच, "जाऊ दे." निघालं आणि मी खडू हातात धरून थांबले. संध्या तिसऱ्या बाकावर बसून शांतपणे नकाशा रंगवत होती. माझ्याच तोंडातली ही वस्तू इतकी वर्षं माझ्याकडे होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. मी टाचणवही उघडली, शेवटच्या पानावर एक उभी रेघ मारली. संध्याकाळी पाचच्या एस.टी.त बसेपर्यंत अकरा रेघा झाल्या होत्या. कंडक्टरनं घंटी मारायला उशीर केला आणि मला मुरबाड स्टॅण्डऐवजी अलीकडच्या वळणावर उतरवलं तेव्हा बारावी. ओरडायचं सोडून मी त्याला हसून म्हटलं होतं, जाऊ दे हो.

हे सगळं झालं ते २००३ साली, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी. आमच्या भागातली म्हसा गावची जत्रा अजून उठली नव्हती. तारीख लक्षात राहायचं कारण म्हणजे माझ्या पर्समध्ये आदल्या दिवसापासून एक कागद होता, आणि शनिवारी, एक तारखेला, त्याचा निकाल लागायचा होता. कागद कुंडलिक सरांनी लिहिला होता. त्यांचं अक्षर फार सुंदर. शाळेतले सगळे सुविचार तेच लिहितात. कागदावर लिहिलं होतं की मी, खाली सही करणारी, माझ्या कौटुंबिक अडचणींमुळे शहापूर तालुक्यातली मुख्याध्यापकपदाची पदोन्नती स्वेच्छेने नाकारत आहे, माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. खाली माझं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. नावाच्या वर सहीपुरती जागा. दडपण नाही हेसुद्धा त्यांनीच लिहून आणलं होतं! मी नाकारलं की यादीतलं पुढचं नाव त्यांचं. आणि देताना म्हणाले काय, "बाई, शहापूर म्हणजे तुम्हाला दोन गाड्या. पोरगी लहान, आई म्हातारी. मी आपलं तुमच्या सोयीचं बघितलं. तुम्हाला काय, परत चान्स येईल. तुमच्यातल्यांची यादी वेगळी लागते." यादी वेगळी लागत नव्हती. साधी नेमणुकीच्या तारखेची यादी होती, माझी एक्क्याण्णवची, त्यांची त्र्याण्णवची. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, बाजूला बसून चहा पिणाऱ्या वाल्मिक सरांनाही ठाऊक होतं. तरी मी कागद घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवला. तेव्हाही मी ते दोन शब्द म्हटलेच असणार. मला आठवत नाही, पण सर ज्या समाधानानं चहाची बशी पुसायला लागले त्यावरून सांगते.

बुधवारी मी नुसत्या रेघा मारणं सोडून दिलं. रेघेसमोर काय जाऊ दिलं तेही लिहायला लागले. लिहायला गेलं की आदल्या वर्षांचं आठवायचं. आमच्या शाळेत आम्ही तिघं. आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाल्यापासून खुर्ची रिकामी, म्हणजे चार्ज सर्वांत जुन्या शिक्षकाकडे यायला हवा. मी सर्वांत जुनी. पण टपाल घेऊन मुरबाडला पंचायत समितीत जावं लागतं, बाईमाणसाला कशाला त्रास, असं म्हणत चार्ज कुंडलिक सरांनी घेतला. मी मुरबाडातच राहते! रोज सकाळी त्याच पंचायत समितीच्या दारावरून चालत स्टॅण्डवर येते! तरी मी तेव्हा म्हटलं, जाऊ दे. आणि मग मस्टर. दर महिन्याच्या एक तारखेला मस्टरवर नवीन पान आखून शिक्षकांची नावं लिहायची असतात, जुना आधी, नवा नंतर. चार्ज मिळाल्यावर पान आखायचं काम सरांकडे गेलं आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी एक नंबरला स्वतःचं नाव घातलं. दोन नंबरला माझं. मी रकान्यावर पेन टेकवून क्षणभर थांबले होते, ते सरांनी बघितलं. "सवयीनं झालं हो बाई, खाडाखोड नको, पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना आला तेव्हा मी थांबलेसुद्धा नाही. साडेचार वर्षं मी रोज सकाळी त्यांच्या नावाखाली सही करते आहे. चोपन्न पानं. चोरट्यानं घरात शिरावं आणि घरच्या माणसानं त्याला दिवा धरावा, तशी मी दर महिन्याला त्यांना पान आखायला हिरवी शाई नेऊन देत होते.

आता या सगळ्यात चिडायचं कुणावर? सरांवर चिडणं सोपं आहे आणि मी चिडलेही, भरपूर चिडले, बुधवारी रात्रीचा भात करताना मनात त्यांना अशा शिव्या दिल्या की आईनं विचारलं, "कुणावर दात खातंस गो?" पण टाचणवहीच्या पानावर सरांच्या समोर थोड्याच रेघा होत्या. बाकीच्या इकडे तिकडे पसरलेल्या होत्या. केंद्रप्रमुखांनी दर चौदा एप्रिलला भाषण मलाच करायला लावलं आणि सव्वीस जानेवारीला मला रांगोळीला बसवलं. वाल्मिक सरांनी माझी खुर्ची त्यांच्या वर्गात नेली ती परत दिली नाही. खिचडी शिजवणारी सकुबाई वाडीच्या पोरांना ओट्याच्या खालच्या बाजूला बसवते आणि पळी ताटाला लागू नये म्हणून हातभर वरून खिचडी सोडते. बारकीनं हे मला खरोखरच सांगितलं होतं, दिवाळीनंतर, हात पुढे करून, मनगटावर लाल चट्टा होता. संध्यानं जे खेळात म्हटलं ते मी तिला शब्दाला शब्द म्हटलं होतं. मी! वरून सोडलेलं ओंजळीत कसं येतं हे मला कुणी शिकवायला नको. म्हशाजवळच्या आमच्या गावात मी लहानपणी तसंच पाणी प्यायलेली आहे, कोपरापर्यंत भिजत. तरी मी त्या पोरीला म्हटलं, फुंकर मार. हे लिहिलं तेव्हा माझी लाज मलाच सोसेना, मी वही मिटून टाकली आणि उठून उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

गुरुवारी नवऱ्याला सांगितलं. बुद्धभूषण कल्याणला एका पतपेढीत आहेत, सकाळी सातला जातात, रात्री साडेआठला येतात. माणूस वाईट नाही. माझी एकही गोष्ट त्यांनी कधी अडवली नाही. मी म्हटलं, "शनिवारी सरांना कागद द्यायचा आहे, काय करू?" ते मोजे काढत होते. म्हणाले, "मला काय विचारतेस? तू शेवटी जाऊ दे म्हणणार, आपल्याला माहीत आहे की." अगदी सहज म्हणाले, प्रेमानंच म्हणाले. अकरा वर्षांच्या संसारात या माणसाला माझ्याबद्दल जी एक गोष्ट खात्रीनं माहीत होती ती ही. मला वाटायचं, मी समजूतदार म्हणून ओळखली जाते. शाळेत, आळीत, नात्यात सगळे म्हणतात, रत्नप्रभाचं तोंड कधी वाकडं होत नाही. मी ते मिरवत होते! आणि समजूतदारपणा म्हणून मी जे बाळगलं होतं ते नुसतं भ्यालेपण होतं. चांगली इस्त्री केलेलं, पिना टोचून बसवलेलं, पण भ्यालेपणच. "तुम्हाला काय वाटतं हो?" मी जरा मोठ्यानं विचारलं. ते दचकले. "मला? मला वाटतं तू जावंस. पण शहापूरचं नाव काढलं की तू गप्प होतेस. म्हणून मी बोललो नाही."

शहापूरचं नाव काढलं की मी गप्प होते, हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री मी रेघांच्या उलट्या दिशेनं गेले, पहिली रेघ कुठली असेल ते शोधत. आणि ती सापडली. साल एकोणनव्वद, मी एकोणीस वर्षांची, डी.एड.ला शहापूरला नंबर लागला होता. ओळखीनं एक खोली बघितली होती. खाली घरमालकीण, वर खोली, खिडकीतून माहुली किल्ल्याचे सुळके दिसायचे. सगळं ठरलं होतं. मी पत्र्याची ट्रंक घेऊन रिक्षातून उतरले, ट्रंक त्यांच्या पायरीवर ठेवली. बाईंनी पाणी दिलं, चांगल्या तांब्यातून, पेल्यासकट. मी पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा तसूभरही बदलला नाही, हे मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, सांगायचं राहिलंच, ती खोली आमच्या भाच्याला दिली की कालच." वरच्या खिडकीचं दार वाऱ्यानं हलत होतं, आत कुणीही नव्हतं. मी ट्रंक उचलली. आणि मी, एकोणीस वर्षांची, पहिल्या वर्गात पास झालेली मी, त्या बाईंना म्हणाले, "असू दे, जाऊ दे काकू, तुम्हाला उगाच त्रास." त्यांनाच त्रास! दोन वर्षं मी मुरबाड-शहापूर एस.टी.नं ये-जा केली, त्या आळीतून एकदाही गेले नाही, लांबचा फेरा घालून कॉलेजला जायचे. घरी सांगितलं, खोलीला ऊन येत नव्हतं. तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडात राहायला आला. त्याला तरी बिनभाड्याची खोली मिळाली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर घरी आले तर आई ओटीवर दिवसभर उन्हात टाकलेलं म्हशाचं घोंगडं घेऊन बसली होती. आई, गोजाबाई, आता माझ्याकडेच असते. गुडघे गेले आहेत, पण जीभ शाबूत. मला वाटत होतं की हा शब्द मला तिच्याकडूनच आला. लहानपणापासून तिच्याच तोंडी ऐकला होता. मला तिच्यावर चिडायचं होतं, खरं सांगते; कुणावर तरी सगळं नेऊन ओतायचं होतं. मी तिथंच पायरीवर बसले आणि विचारलं, "आई, तू सारखी जाऊ दे का म्हणायचीस गो?" ती माझ्याकडे बघायला लागली. "मी? कवा?" मी म्हटलं, "नेहमी. हे घोंगडं आणलं तेव्हासुद्धा. म्हशाहून येताना वाटेत म्हणत होतीस, जाऊ दे, त्याचं पण पोट हाय. मला चांगलं आठवतंय." आई हसायला लागली. तिला हसताना ठसका लागतो, मी पाणी आणून दिलं. "आन् त्याच्या आधीचं?" ती म्हणाली. "त्याच्या आधीचं नाय आठवत तुला? तवा तू सात वर्षांची व्हतीस, माज्या बोटाला धरून व्हतीस."

आणि आठवलं. तिनं सांगायच्या आत आठवलं. जत्रेत आईनं एक घोंगडं निवडलं होतं, जाड, काळं, दाट विणीचं. घोंगडीवाल्यानं गुंडाळून दिलं ते दुसरंच, मधोमध कसर लागलेलं. गुरांच्या बाजाराच्या पार पलीकडे गेल्यावर तिनं उकलून बघितलं. मग मला ओढत, बैलांच्या, पाळण्यांच्या, भांड्यांच्या गर्दीतून तशीच मागे गेली. "हे मी निवाडलं व्हतं का?" असं तिनं विचारलं ते आजूबाजूच्या पाच दुकानांना ऐकू गेलं. घोंगडीवाला म्हणाला, "चल, हो पुढं, तुमच्या लोकांचं हेच." आई पुढं झाली, पण त्याच्याच दिशेनं. घोंगडं त्याच्या गादीवर उकलून टाकलं, कसर लागलेल्या भोकातून हात आरपार काढला आणि तो हात त्याच्या तोंडापुढे नाचवला. "आमच्या लोकांचं काय? बोल! आमचे लोक थंडीत कुडकुडत नाय का? आमच्या लोकांना डोळं नाय का?" लोक जमले. मी रडत होते, तिचं लुगडं ओढत होते, आई चल, आई चल. ती हलली नाही. तिची सगळी यादी बोलून झाली, त्यानं निवडलेलं घोंगडं काढून दिलं, ते तिनं तिथंच उभं राहून चारी बाजूंनी उकलून बघितलं, आणि मग आम्ही निघालो. देवळाच्या पुढे आल्यावर, पार लांब, मी अजून हुंदके देत होते म्हणून, ती म्हणाली, "उगी. जाऊ दे आता. त्याचं पण पोट हाय."

"भांडून झाल्याव म्हणायचं असतं ते," आई म्हणाली आणि घोंगड्याची घडी घालायला लागली. "आपलं घेऊन झालं, बोलून झालं, मग जाऊ द्यायचं. नायतर मानूस आतल्या आत आंबतं. तू कवा म्हनतंस?"

मी तिच्या शब्दाची फक्त शेपटी उचलली होती. पुढचं सगळं जनावर सोडून दिलं होतं, कारण तेव्हा मी तिचं लुगडं ओढत होते आणि मला फक्त ते संपायला हवं होतं. इतक्या वर्षांत मी आईच्या नावावर किती भेकडपणा खपवला! त्या संध्याकाळी मला जो राग आला त्याच्यात मात्र खालीवर काही नव्हतं, तो सरळ माझ्याकडेच वळला होता आणि त्यानं मला चक्क बरं वाटत होतं. रात्री जेवणं झाल्यावर मी पाटीवर संध्याला शुद्धलेखन घातलं आणि स्वतः एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. माझं अक्षर सरांइतकं चांगलं नाही. लिहिलं की मी पदोन्नती स्वीकारत आहे आणि हजर होण्यास तयार आहे.

शनिवारी सकाळची शाळा. मी पहिली गाडी पकडून सातच्या आधी पोचले, कपाट उघडलं, मस्टर काढलं, फेब्रुवारीचं पान आखलं. एक नंबरला माझं नाव लिहिलं, नेमणुकीची तारीख लिहिली, दोनला कुंडलिक सरांचं, तीनला वाल्मिक सरांचं. सही केली. मग सकुबाई चुलीला जाळ घालत होती तिथं गेले आणि म्हटलं, आजपासून सगळी पोरं एका रांगेत बसतील, ताट हातात घेऊन पळी टेकवून वाढायचं, मी इथं असेपर्यंत रोज समोर उभी राहणार आहे. सकुबाई म्हणाली, "पर बाई, गावातली मानसं—" मी म्हटलं, "गावातल्या माणसांना माझ्याकडे पाठव."

कुंडलिक सर आले तेव्हा पोरं परिपाठाला रांगा करत होती. सरांनी नेहमीप्रमाणे खिशातून पेन काढलं, मस्टर ओढलं आणि पेन हवेतच राहिलं. "बाई, हे काय?" ते हळूच म्हणाले. हळू बोलणं ही त्यांची हुकमी गोष्ट. समोरच्यालाही हळू बोलावं लागतं. मी नेहमीच्या आवाजात, म्हणजे वर्गात शिकवते त्या आवाजात म्हटलं, "एक्क्याण्णव आधी येतं, सर. त्र्याण्णव नंतर." वाल्मिक सर खिडकीतून बाहेर बघायला लागले. मी पर्समधून त्यांचा तो सुंदर अक्षरातला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला, सहीची जागा कोरीच. "आणि यावर मी सही करणार नाही. माझं पत्र मी बारा वाजता स्वतः पंचायत समितीत देणार आहे. माझ्या दारावरूनच जाते ती वाट."

सरांचा चेहरा पडला. मला त्यांची कीव आली, हे मी लपवणार नाही. त्यांनी बहुतेक घरी सांगून ठेवलं असेल. दोन्ही हात टेबलावर ठेवून ते म्हणाले, "बाई, दहा वर्षं एकत्र काढली आपण. एका शब्दानं कधी वाकडं नाही. आता एका कागदावरून… पोरं बघतायत. जाऊ द्या ना." दारात खरोखरच पोरं उभी होती. प्रार्थना कोण सांगणार म्हणून आत डोकावली होती. पुढे बारकी होती, तिच्या खांद्यावर हात ठेवून संध्या. संध्याचे डोळे माझ्या तोंडावर होते. तिचे ओठसुद्धा हलले, मी बघितलं. माझ्याआधीच तो शब्द म्हणायला ती तयार झाली होती. आणि तो माझ्याही जिभेवर आला होता, खरंच आला होता, चोपन्न पानांच्या सवयीनं.

मी खुर्ची ओढून घेतली आणि बसले.

"जाऊ देऊ की, सर," मी म्हटलं. "पण आधी माझं सगळं बोलून होऊ द्या. तुम्हीही बसा. चार्जपासून सुरू करते."